माजी सैनिक आणि वैद्यकीचे विद्यार्थी

वैद्यकीचा विद्यार्थी रोग पाहातो, माणूस पाहात नाहीं, अशी तक्रार वारंवार कानीं येते. ती आम्हांस अर्धीच खरी वाटते. विद्यार्थी माणूस पाहातो खरा, परंतु तुकड्यातुकड्यांनीं पाहातो. या महिन्यांत मेडिसिनचा वॉर्ड, पुढें सर्जरीचा, त्यापुढें कान-नाक-घशाचा. रोगी घरीं गेला कीं वहींतील पान उलटलें. हिंवताप किंवा आंत्रपुच्छाचा दाह यांपुरतें हें चालून जाईल. ज्याचें दुखणें वीस-तीस वर्षें त्याची पाठ सोडीत नाहीं, त्यास मात्र ही पद्धति न्याय देऊं शकत नाहीं. अशा रोग्यांत आम्ही माजी सैनिकाची गणना प्रथम करितों, व प्रस्तुत लेखांत त्याच्याचविषयीं लिहिणार आहों.

माजी सैनिक म्हटला कीं पांढऱ्या मिशांचा, छातीवर पदकें लावून स्वातंत्र्यदिनीं ध्वजाजवळ उभा राहणारा वृद्ध आपल्या डोळ्यांपुढें येतो. वस्तुस्थिति निराळी आहे. साधा शिपाई पंधरा-सतरा वर्षें नोकरी करून पस्तिशी-चाळिशींतच पेन्शनीवर येतो. तेथून पुढें तीस-चाळीस वर्षें तो तुमच्याआमच्यासारखाच लोकलच्या गर्दींत उभा असतो. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचीं अशीं कितीतरी कुटुंबें पोटापाण्यासाठीं व मुलांच्या शिक्षणासाठीं ठाणें, कल्याण, डोंबिवली या बाजूस येऊन राहिलीं. कोणी बँकेच्या दारीं बंदूक घेऊन बसतो, कोणी गृहसंस्थेच्या फाटकावर रात्रपाळी करितो. दवाखान्यांत गेल्यावर केसपेपरावर धंदा म्हणून 'वॉचमन' एवढेंच लिहिलें जातें, आणि त्यामागचीं सतरा वर्षें त्या एका शब्दाखालीं झांकून जातात.

या झांकण्याचा परिणाम काय होतो, तें एका कल्पित परंतु शक्य कोटींतील उदाहरणानें पाहूं. १९८४ पासून आपलें सैन्य सियाचीनच्या हिमनदीवर पहारा देत आहे. तेथें हिमदंशानें एका जवानाच्या पायाचीं दोन बोटें गेलीं. बोटें गेल्यानें पावलावरचा भार बदलला व चवड्याच्या एकाच जागीं पडूं लागला. नोकरी सुटल्यावर कवायत सुटली, वजन वाढलें, पन्नाशींत मधुमेह आला व पायाची संवेदना मंदावली. त्या भाराच्या जागीं आतां जखम होते, भरते, पुन्हां होते. सर्जन जखम बांधतो. मेडिसिनवाला साखर मोजतो. त्याला ऐकूं कमी येतें म्हणून कानवाला कान तपासतो. तीन खोल्यांत तीन विद्यार्थी त्याला पाहातात. त्याची चाल पाहाणारा, बूट पाहाणारा, बोटें कोठें गेलीं हें विचारणारा कोणीच नसतो. आणि पाय कापावा लागला म्हणजे सर्वांसच हळहळ वाटते!

कोणी म्हणेल, त्यानें स्वतः होऊन कां सांगूं नये? येथेंच या प्रश्नाचें मर्म आहे. सैन्यांत दुखणें उघड झालें कीं वैद्यकीय श्रेणी उतरण्याची भीति असते, आणि श्रेणी उतरली कीं बढती अडते. दुखणें गिळून टाकण्याची संवय त्याला अशी वर्षानुवर्षें लागलेली असते. रात्रीं दचकून उठणें, गर्दींत जीव घाबरा होणें, त्यावर उतारा म्हणून पेला जवळ करणें, या गोष्टी तो बायकोलाहि सांगत नाहीं. पांच मिनिटें भेटलेल्या विद्यार्थ्यास काय सांगणार? विश्वास बसण्यास काळ लागतो. आणि काळ हीच एक गोष्ट आपल्या वैद्यकीय शिक्षणक्रमानें विद्यार्थ्याला देण्याचें टाळलें आहे.

आपल्या प्रांतांत सैनिकांसाठीं कांहींच झालें नाहीं असें कोणी समजूं नये. पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचें; सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालचें; खडकीचें पक्षाघातग्रस्त सैनिकांचें पुनर्वसन केंद्र १९७४ सालचें. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठीं अंशदायी आरोग्य योजना सुरू होऊन तिचे दवाखाने ठिकठिकाणीं उघडले. परंतु या सर्व संस्था संरक्षण खात्याच्या कुंपणाच्या आंत आहेत. कुंपणाबाहेर मुलकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या सहस्रावधि विद्यार्थ्यांचा त्यांच्याशीं संबंध येत नाहीं. २०२२ सालीं अग्निपथ योजना जाहीर झाली, तिच्या मूळ अटींप्रमाणें सुमारें तीन-चतुर्थांश तरुण चार वर्षांनीं घरीं यावयाचे, व त्यांना पेन्शन नाहीं आणि वरील आरोग्य योजनेचा लाभहि नाहीं. पंचविशीच्या आंतबाहेरचे हे तरुण आजारी पडले कीं साध्या सार्वजनिक रुग्णालयाच्याच रांगेंत उभे राहाणार. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरास सैनिकी जीवनाची अक्षरओळख तरी असावी कीं नाहीं?

अमेरिकेंत हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला. लक्षावधि सैनिक परतले आणि इस्पितळांस डॉक्टर पुरेनात. तेव्हां जनरल ओमर ब्रॅडली यांच्या अधिकाराखालील माजी सैनिक खात्यानें ३० जानेवारी १९४६ रोजीं वैद्यकीय महाविद्यालयांशीं आपलीं इस्पितळें जोडण्याचें धोरण ठरविलें. आज तेथील बहुसंख्य डॉक्टरांचें कांहीं ना कांहीं शिक्षण या इस्पितळांत झालेलें असतें. दुसरा धागा ऑस्ट्रेलियांतला आहे. तेथील फ्लिंडर्स विद्यापीठानें १९९७ पासून कांहीं विद्यार्थ्यांस वॉर्डावॉर्डांतून न फिरवितां वर्षभर एकाच गांवांत, त्याच त्या रोग्यांच्या सहवासांत ठेवण्यास प्रारंभ केला. हार्वर्डनें २००४ सालीं केंब्रिज येथें तसाच प्रयोग केला. फिलाडेल्फियाच्या जेफरसन महाविद्यालयांतील संशोधकांनीं २००९ सालीं असें दाखविलें कीं विद्यार्थ्याची सहानुभूति उणावूं लागते ती तिसऱ्या वर्षीं, म्हणजे नेमका तो रोग्यांजवळ जाऊं लागतो त्याच वर्षीं. आम्हांस हा निष्कर्ष फार चिंतनीय वाटतो.

आमच्याकडे याची अर्धी वाट तयार आहे. राष्ट्रीय आयोगानें २०२२ सालीं 'कुटुंब दत्तक' उपक्रम घालून दिला. त्या अन्वयें प्रत्येक विद्यार्थ्यानें पहिल्या वर्षापासून कांहीं ग्रामीण कुटुंबें आपलीं मानून पुढील वर्षांतहि त्यांच्याकडे जात राहावयाचें. ठाणें महानगरपालिकेचें कळव्याचें राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९९२ पासून चालूं आहे, व ठाण्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयहि आहे. ज्या कल्याण कॅम्पांत महायुद्धकाळीं सैन्याच्या छावण्या होत्या, तेथें आतां उल्हासनगर वसलें आहे; म्हणजे सैनिक ही गोष्ट या भागास नवी नव्हे. आमची सूचना इतकीच कीं, दत्तक कुटुंबांच्या जोडीस प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक घर माजी सैनिकाचें किंवा सैनिकाच्या विधवेचें असावें, आणि ओळख त्या कार्यालयामार्फत, त्या घराच्या संमतीनें व्हावी.

प्रभु येशूच्या दृष्टांतांतील दयाळू शोमरोनी आमच्या वाचकांस पाठ आहे. त्यानें जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, हें सर्वांच्या लक्षांत राहातें. परंतु तो उताराशाळेच्या रक्षकास 'मी परत येईन' असें सांगून गेला, हें बहुधा विसरलें जातें.

आक्षेप पुष्कळ येतील. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या ओझ्याखालीं विद्यार्थी आधींच वांकला आहे, हा त्यांत सबळ आहे. म्हणून महिन्यांतून एका भेटीपेक्षां अधिक मागूं नये. दुसरा आक्षेप असा कीं, विद्यार्थ्यास सांगितलेलें सरकारी दप्तरांत जाईल व अपंगत्वाच्या पेन्शनीस बाध येईल, अशी भीति सैनिकास वाटेल. ही भीति अवास्तव नाहीं. तेव्हां विद्यार्थ्याची वही त्याच्या अध्यापकापलीकडे कोठेंहि जाणार नाहीं, असें लेखी ठरलें पाहिजे. येत्या पहिल्या वर्षाच्या तुकडींतून वीस विद्यार्थी आणि वीस घरें एवढ्यानेंच आरंभ व्हावा. पहिल्या भेटीस स्टेथॉस्कोप नेण्याचें कारण नाहीं. नोकरी कोठें कोठें झाली एवढेंच विचारावें, आणि चहा आला तर नाहीं म्हणूं नये.