स्वस्त विमान आणि परदेशची वाट

विमानप्रवास ही धनिकांचीच मिरासदारी का असावी? फ्रेडी लेकर या इंग्रज गृहस्थाने हा प्रश्न कृतीने विचारला. १९७७ साली त्याच्या ‘स्कायट्रेन’ने लंडनहून न्यूयॉर्कला ५९ पौंडांत माणसे नेली. त्या परवान्यासाठी त्याला सहा वर्षे झगडावे लागले होते. १९८२ च्या फेब्रुवारीत कंपनी बुडाली आणि शहाणे म्हणाले, ‘स्वस्ताई अंगाशी आली!’

मला हे पटत नाही. लेकरचे कर्ज डॉलरचे, उत्पन्न बरेचसे पौंडांचे. पौंड घसरला आणि कर्ज फुगले. त्यातच मंदी आली, बड्या कंपन्यांनीही भाडी उतरवली. अंथरूण पाहून त्याने पाय पसरले नाहीत, हे खरे. पण दोष अंथरुणाचा, तिकिटाच्या किमतीचा नव्हे.

देशातल्या देशात विमान दिवसभर फेऱ्या मारते, कर्मचारी रात्री घरी परततात. समुद्र ओलांडला की इंधन वाढते, परदेशी मुक्कामाचा खर्च येतो. शिवाय फेऱ्या किती, हे बहुधा दोन सरकारांचे करार ठरवतात. आपल्याकडे तर २००४ ते २०१६ पर्यंत पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने असल्याखेरीज परदेशी उड्डाणाची मुभाच नव्हती! नव्या कंपनीला ताटकळवून कोणाचे हित साधले? आखातात राबणाऱ्या मजुराचे खास नव्हे.

सरकारने सुरक्षितता काटेकोर तपासावी, भांडवलही तपासावे. मात्र जुन्यांच्या सोयीसाठी नव्यांची वाट अडवू नये. घरी येण्याचे भाडे परवडणे ही काही चैन नव्हे.