थप्पी आणि टपाल

‘संगणक बिघडला’ हे वाक्य आपण फार स्वस्त करून ठेवले आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत मी कार्यालयात बसतो. तिथल्या ईमेलच्या एकाच इनबॉक्समध्ये सहा वर्षांचे टपाल कोंबलेले. जूनमध्ये शिष्यवृत्तीची पत्रेच दिसेनाशी झाली. आम्ही जुनी हजारो पत्रे काढली. डिस्कवर जागा काही होईना.

थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये एका फोल्डरची सारी पत्रे सहसा एकाच फाइलीत, एकापाठोपाठ असतात. काढलेल्या पत्रावर तिथे नुसती खूण होते; फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच ते खरोखर जाते. पत्रांची यादी मात्र वेगळ्या छोट्या फाइलीत. ती बिघडली तर ‘रिपेअर’ने पुन्हा बनते. त्याआधी सगळ्याची नक्कल काढून ठेवावी.

यात इंजिनिअरचे काय काम? माझे वडील हमाल आहेत. थप्पी लावताना मधून वाट सोडायची, हे त्यांना कुणी वर्गात शिकवले नाही. वर्षवार फोल्डर करणे याहून वेगळे नाही. हे काम कुणाकडे तरी नेमून द्यावे. आम्हा मुलांकडे दिले तरी चालेल.

यादी दुरुस्त झाली तेव्हा अर्जांतील त्रुटींची सात पत्रे वर आली. त्यांतले एक माझ्या अर्जाचे. मुदतीला दोन दिवस उरले होते.