यादीबाहेरचा माणूस : निजामपुरा आणि जनमताची मोजणी

१/ जनमत चाचणीचा निष्कर्ष आला की ‘किती लोकांना विचारले?’ यावर वाद रंगतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा : ही माणसे कोणत्या यादीतून निवडली? त्याचे महत्त्व भिवंडी-निजामपुऱ्यात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

२/ आधी १९३६ सालची अमेरिका. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. कौल लँडन यांच्या बाजूने होता. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे मुख्यतः दूरध्वनी व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती. शिवाय उत्तर पाठवणारे मोजकेच होते. मंदीने गांजलेला गरीब त्या याद्यांत पुरेसा नव्हताच.

३/ आपल्याकडे हे शास्त्र अधिक काटेकोरपणे रुजले. पुणे विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ वि. म. सिरसीकर यांनी १९६२च्या निवडणुकीतील पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला. तो १९६५ साली ग्रंथरूपाने आला. रजनी कोठारी यांनी १९६३ साली दिल्लीत स्थापन केलेल्या ‘सीएसडीएस’ने १९६७ साली राष्ट्रीय निवडणूक अभ्यास हाती घेतला. या संस्थेच्या ‘लोकनीती’ची आजची रीत अशी : मतदारयादीतून नावे काढायची आणि दारी जाऊन विचारायचे. पद्धत प्रामाणिक आहे; पण ती मतदारयादीवर उभी आहे.

४/ आता निजामपुऱ्याकडे वळू. हे नाव भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या नावातच आहे. हातमागाचे हे गाव पुढे यंत्रमागाचे शहर झाले. १९८२च्या मुंबईतील गिरणी संपानंतर येथील यंत्रमागांकडे कापडाचा ओघ आणखी वाढला. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती : पुरुष ४,१५,३३९ आणि स्त्रिया २,९४,३२६. म्हणजे हजार पुरुषांमागे सुमारे ७०९ स्त्रिया. कुटुंब गावी ठेवून मागावर राबायला आलेल्या पुरुषांचे हे शहर आहे.

५/ यांपैकी अनेकांची नावे उत्तर प्रदेश, बिहार वा तेलंगणातील गावच्या मतदारयादीत असतात. भिवंडीच्या यादीत नाव नाही, म्हणून येथे त्यांची निवड होत नाही. गावी निवड झालीच, तर प्रश्नावली घेऊन आलेल्याला उत्तर मिळते : ‘ते घरी नाहीत.’ एकच माणूस दोन्हीकडून निसटतो.

६/ कोणी म्हणेल, येथे ज्याचे मत नाही, त्याला येथे विचारायचे कशाला? निकालाचा अंदाज बांधण्यापुरता हा आक्षेप योग्य आहे. परंतु महागाई, रोजगार, घरभाडे, शेजारधर्म यांवरील उत्तरे ‘महाराष्ट्राला काय वाटते’ या मथळ्याखाली छापली जातात, तेव्हा तो टिकत नाही. कापड विणणारा महाराष्ट्रातच राहतो, येथेच खरेदी करतो.

७/ म्हणून दोन मागण्या. प्रत्येक चाचणीने आपली यादी कोणती आणि निवडलेल्यांपैकी किती जण भेटलेच नाहीत, हे निष्कर्षाच्या शेजारीच छापावे. आणि समाजमनाचा वेध घ्यायचा असेल, तर अशा शहरांत मतदारयादीबरोबर कारखाने व खानावळी यांचीही यादी करून, पाळी सुटण्याच्या वेळी तेथे जावे.

८/ ज्याला विचारलेच नाही, त्याचे मौन ‘सांगता येत नाही’ या रकान्यातही नोंदले जात नाही. पुढचा आकडा वाचताना त्या न छापलेल्या रकान्याची आठवण ठेवा.