नुसता घोरतो

परवा कळंबोलीत चहा घेताना एका पोरानं पिकअपचं बॉनेट उघडून लाल सुती एअर फिल्टर दाखवला. ‘काका, गाडी उडते आता!’ उडत नव्हती, घोरत होती. कंपनीचा बंद डबा काढला की इंजिनाचा श्वास मोठ्यानं ऐकू येतो आणि कानाला तोच जोर वाटतो. (सायकलच्या आऱ्यांत पत्त्याचं पान अडकवून आम्हीही बुलेट चालवली आहे.) टर्बो डिझेलला हवा एरवीही जळायला लागते त्याहून जास्त मिळते, ताकद ठरते डिझेल किती सोडलं यावर. वर उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, त्याला जास्त तेल चोपडलं तर हवा मोजणारा सेन्सर बरबटतो. कागदी फिल्टर वेळेवर बदला, उरलेल्या पैशांत टायर घ्या. पोरानं मान डोलावली आणि निघताना मुद्दाम रेस दिली.