नऊजणांनी आजारी पडावयाचे नाही काय?

कामगार विम्याचा कायदा माणसाचा आजार पाहत नाही, डोकी मोजतो! दहा डोकी भरली तर संरक्षण, नऊ भरली तर रामराम. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली, तरी सक्तीची रेषा दहावरच आहे. दहाच्या आतला मालक आणि त्याचे बहुसंख्य कामगार राजी असतील तर त्यांना आपखुशीने योजनेत जाता येते, हे खरे. पण गिरगावात एकटाच पुस्तके बांधणारा बाईंडर, दादरच्या बाजारात पहाटे फुले घेऊन बसणारी बाई, लालबागच्या चिवडा गल्लीत बायकोमुलांसह दुकान सांभाळणारा दुकानदार यांनी कोणाशी राजी व्हावयाचे? त्यांचे मालकही तेच आणि नोकरही तेच!

1948 साली कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला आणि 1954 साली तो मुंबईत आला, तेव्हा गिरणगावाचे भोंगे वाजत होते. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय त्या कामगारांचे. 1982 च्या संपानंतर भोंगे एकेक करून बंद पडले. साच्यावरून उठलेल्या माणसाने वडापावची गाडी लावली, शिवणयंत्र घेतले, त्याच्या बायकोने डबे सुरू केले. कोणापुढे हात न पसरता तो आपल्या पायांवर उभा राहिला. पण नोकरी गेली तसे विम्याचे कार्डही गेले. बापाला ज्या रुग्णालयात हक्काने खाट मिळाली, त्याच्या दारावरून मुलगा आज मालाची पिशवी घेऊन जातो!

त्याला उपाय सांगितला जातो तो खाजगी विम्याचा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के कर 22 सप्टेंबर 2025 पासून सरकारने काढून टाकला, याबद्दल आम्ही सरकारचे अभिनंदन करतो. परंतु हीच माणसे व्यापारी संघ करून एकत्र विमा घेऊ लागली, तर सामूहिक विम्यावर कर आहेच. एकट्याला सूट आणि संघटनेला दंड, हा कोठला न्याय? शिवाय, अगोदरपासून मधुमेह असेल तर विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत त्याचा खर्च नाकारू शकते. आपल्या राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत खुली आहे आणि तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण ती यादीतल्या उपचारांपुरती, ठरलेल्या रुग्णालयांपुरती. बाहेरच्या तपासण्या आणि रोजच्या गोळ्या रोग्याच्याच खिशातून.

आणि दुकान बंद राहिले त्याचे काय? नोकरदार आजारी पडला तर पगारी रजा असते. शिंपी आजारी पडला तर त्या दिवसाची चूल थंड होते. कामगार विम्यात आजाराच्या काळात, वर्षातून 91 दिवसांपर्यंत, वेतनाच्या सत्तर टक्के भत्ता मिळतो. हा दिलासा कोणत्या कंपनीच्या नेहमीच्या इस्पितळ-विम्यात आहे? या योजनेची वर्गणी कामगाराची पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के, मिळून चार टक्के. महिना एकवीस हजारांवर ती 840 रुपये होते. तेवढ्यात सारे कुटुंब सांभाळले जात असेल, तर दोन्ही वाटे आपल्याच गल्ल्यातून भरावयास हा माणूस एका पायावर तयार होईल.

केवळ आजारी माणसेच योजनेत शिरतील, अशी शंका अधिकारी काढतील. शंका खोटी नाही. म्हणूनच एकेकट्याला न घेता बाजारच्या बाजार, संघच्या संघ घ्यावा. ज्याला ठराविक मालक नाही त्याचा विमा कसा उतरावयाचा, असेही विचारले जाईल. महाराष्ट्राने याचे उत्तर 1969 सालीच माथाडी कायद्याने दिले आहे. आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर ओझे वाहणाऱ्या हमालासाठी मंडळ नेमले आणि मजुरीबरोबर लेव्ही वसूल करून त्याला निर्वाह निधी दिला. हमालाच्या बाबतीत जे जमले ते शिंप्याच्या बाबतीत का जमू नये?

नव्या संहितेच्या 45 व्या कलमात असंघटितांसाठी अशी योजना केंद्र सरकार करू 'शकेल', असे म्हटले आहे. स्वयंरोजगारी त्यात येतात. तेव्हा नवा कायदा नको, समिती नको. त्या 'शकेल'चे 'करील' करा, सामूहिक विम्यावरचा कर उठवा आणि पहिली नोंदणी लालबाग-परळच्या गल्ल्यांतून सुरू करा.