सोफ्याला शोभणारे चित्र

नवे घर बांधून झाले, की दिवाणखान्यातील मोठ्या भिंतीवर भौमितिक आकृत्यांची एखादी छापील तसबीर लावायची, ही टूम आमच्या वसईतही आता चांगलीच रुळली आहे. लाल चौकोन, निळी पट्टी, मध्येच एखादे काळे वर्तुळ. 'हेच का निवडले?' असे विचारावे, तर उत्तर तयार असते: 'सोफ्याच्या कापडाला जुळते.' आणि त्या जागी पूर्वी असलेली पवित्र हृदयाची तसबीर? ती आतल्या खोलीत, कपाटाशेजारी गेलेली असते.

आमचे भांडण अमूर्त चित्राशी नाही. 'असले तर आमचा नातूही काढील' म्हणणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये २००७ साली गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराने घडवलेली भव्य खिडकी बसवण्यात आली. तिच्यात संत नाहीत, देवदूत नाहीत. आहेत ते ७२ रंगांचे अकरा हजारांवर काचेचे चौकोन. तेथील कार्डिनल माइस्नर यांना ती रुचली नाही, आणि त्यांनी तसे उघड बोलून दाखवले. आम्हांला ती खिडकी मान्य आहे; पण कार्डिनलसाहेबांच्या नापसंतीचाही आम्ही मान राखतो. निदान त्यांनी तिच्याकडे पाहिले तरी होते!

१९१५ च्या डिसेंबरात पेत्रोग्राडच्या प्रदर्शनात काझिमीर मालेविचने आपला 'काळा चौकोन' मुद्दाम उंच कोपऱ्यात टांगला. रशियन घरांत त्या कोपऱ्यात पवित्र प्रतिमा असते. त्या जागेचा अर्थ त्याला ठाऊक होता आणि पाहणाऱ्यांनाही. म्हणून तर काहींना राग आला. त्याने जे जाणूनबुजून केले, ते आम्ही कापडाचा रंग जुळवता जुळवता करून बसतो, आणि कोणाला रागसुद्धा येत नाही. एका परिचित घरी आजी रोझरीला अजून जुन्याच भिंतीकडे तोंड करून बसतात. समोर लाल चौकोन.

जुनी तसबीर तरी कुठे अस्सल होती? तीही छापीलच. पण तिच्यासमोर रोज संध्याकाळी सारे घर गुडघे टेकत होते.

चित्र जरूर घ्यावे. मात्र दुकानात कापडाचा तुकडा घेऊन जाऊ नये. चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहावे. कंटाळा आला, तर पैसे खिशातच ठेवावेत. आवडलेच, तर घरी नेऊन दुसरी भिंत शोधावी. खिळा ठोकण्यापूर्वी आजींना विचारावे.