सिरिंज कपाटातून बाहेर काढा!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये यावर जे भांडण झालं ते मराठीत झालं, म्हणून लेखही मराठीत.

आमच्या केमिकलच्या लॅबमध्ये एच.पी.एल.सी. आहे. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. त्याला ऑटोसॅम्पलर बसला आणि सगळे खूश! व्हायल्स ट्रेमध्ये लावा, सीक्वेन्स द्या, कॅन्टीन गाठा. हाताने सॅम्पल मारायची बोथट टोकाची सिरिंज कपाटात गेली. माझं मत असं की पहिली दोन प्रॅक्टिकल्स तिच्यावरच व्हावीत.

यंत्राला माझा विरोध नाही. रात्रभर शंभर व्हायल्स न कंटाळता मारणं हे त्याचंच काम. पण हाताने व्हॉल्व्ह फिरवला की प्रश्न पडतात. २० मायक्रोलिटरचा लूप अर्धवट भरायचा तर १० च्या वर का जायचं नाही? कारण नळीच्या मधोमध द्रव सरासरीच्या दुप्पट वेगाने धावतो. जास्त भरलं की सॅम्पलचं पुढचं टोक थेट वेस्टमध्ये! आणि लूप पूर्ण भरायचा तर त्याच्या कित्येक पट सॅम्पल का ढकलायचं, तेही यातूनच कळतं. ज्याला हे कळलं तो ऑटोसॅम्पलरवरही शंका घेतो. व्हायल कमी भरली म्हणून सुईने हवा तर ओढली नाही? तीव्र सॅम्पलनंतर ब्लँक मारला का, की आधीचंच थोडं सुईला चिकटून पुढे आलं? नुसतं बटण दाबणाऱ्याला आकडा मिळतो, बस्स.

दुसरा मुद्दा जरा झोंबेल. जर्नलमधली रीडिंग्ज कशी ‘जुळवतात’ हे हॉस्टेलच्या भिंतींनाही ठाऊक आहे. फार्मा कंपनीत हे चालत नाही. तिथे प्रत्येक इंजेक्शनची वेळ सॉफ्टवेअरमध्ये नोंदली जाते. हवा तो आकडा येईपर्यंत सॅम्पल पुन्हा पुन्हा मारत राहायला अमेरिकेच्या एफ.डी.ए.ची मनाई आहे. डिसेंबर २०१८च्या मार्गदर्शिकेत ते स्पष्ट लिहिलंय. आपल्यातले कितीतरी जण तिथेच नोकरीला जाणार. मग जर्नलला सगळ्या इंजेक्शन्सचे प्रिंटआउट लावा ना, बिघडलेलेसुद्धा. आणि का बिघडलं हे जो नीट लिहील, त्याला मार्क द्या.

सरांनी हो म्हटलं तर लूप धुवायला शनिवारी मी येते. कपाटाची चावी लॅबवाल्या काकांकडे आहे, त्यांना तेवढं कुणीतरी पटवा.